बाईसाहेबांच्या कानावर

"पडदे धुवायला काढले, तर हे म्हणतात, आज घरात उजेड कसा जास्त? पाय दे. दे गं. हां, शाब्बास. त्याच खिडकीसमोर बसून रोज चहा पिणारा माणूस, पण पडद्याचा रंग विचार, सांगता यायचा नाही."

आई तबेल्यात बोलत होती. बाबा बाहेर, भिंतीला टेकवलेल्या बाकावर बसून कुत्र्याच्या कानामागची गोचीड काढत होते.

"निळा," ते भिंतीला म्हणाले.

"हिरवा," आतून उत्तर आले. "बघितलंस? चोरून ऐकतात, तेही अर्धवट."

मी पायरीवर पुस्तक उघडून बसले होते आणि बराच वेळ एकाच पानावर होते. ऊन होते, पण टोचणारे नव्हते. चाऱ्याच्या वाफ्यात पाणी सोडलेले होते आणि त्याचा आवाज मधूनच कानावर येत होता. त्या दिवसात लक्षात ठेवण्यासारखे काही नव्हते, म्हणूनच बहुधा तो मला सगळा आठवतो.

आई जिच्याशी बोलत होती ती आमची आंधळी घोडी. तिला नाव काहीतरी होते, पण बाबा एकदा चिडून "बाईसाहेबांचं आटपलं का? मग आम्हाला चहा मिळेल," असे म्हणाले आणि तेच चिकटले. कसल्याशा आजारात तिचा आधी एक डोळा गेला, मग दुसरा. तेव्हा गुरांच्या डॉक्टरांनी आणि आम्ही सगळ्यांनी आईला एकच सल्ला दिला होता, इंजेक्शन देऊन तिला सोडवा. आईने तो ऐकून घेतला, हात धुतले आणि घोडीला चंदीचे दाणे द्यायला गेली. त्यानंतर तिने एक नियम केला. तबेल्यातल्या बाईसाहेबांच्या खणात पाऊल टाकल्यापासून बाहेर पडेपर्यंत बोलणे थांबवायचे नाही. आवाज चालू असला की माणूस कुठे आहे ते घोडीला कळते. आता मानेशी आहे, आता पोटाशी, आता मागच्या पायाकडे गेला. आवाज थांबला की तिच्या लेखी माणूस नाहीसा होतो, आणि नाहीशा झालेल्या माणसाचा हात अचानक अंगावर आला तर ती लाथ मारणारच.

"मीसुद्धा मारेन," आई म्हणायची.

त्यामुळे माझ्या आईने आयुष्यातले बहुतेक बोलणे तबेल्यात केले. घरात ती कामापुरते बोलायची. जेवायला या, दार लावा, पोचलीस की कळव. घरातल्या खऱ्या बातम्या आम्हाला तबेल्याच्या भिंतीतून कळायच्या. माझ्या धाकट्या भावाची बायको तिला मनापासून आवडल्याचे तिकडूनच कळले. आपल्यावर राग आहे की लोभ, हे जाणून घ्यायचे असले की बाबा कुत्री घेऊन त्या बाकावर येऊन बसायचे.

कुत्री त्यांची, घोडे तिचे, अशी आमच्या घरात सरळ वाटणी होती. एका कुत्र्याचे नाव वकील, कारण रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक वाहनाशी त्याचे काही ना काही म्हणणे असे. दुसरी पाहुणी. ती एका थंडीत दाराशी आली आणि मग गेलीच नाही. घोड्यांमध्ये बाईसाहेब होत्या, गाडी ओढणारी एक जोडी होती, आणि शिवाय लोकांची एखाद-दोन कोरी जनावरे असायची. त्यांना गाडीला जुंपून घ्यायला शिकवणे हा आईचा व्यवसाय होता. धाकटा कुत्र्यांच्या बाजूचा. मी कुणाच्या वाट्याची, हे कधी ठरले नाही. मी शहरात एका ग्रंथालयात नोकरी करते. दिवसभर कुणाशी फारसे बोलावे लागत नाही, हे मला तिथले आवडते.

"अगं, ये आत," आईने मला हाक मारली. "हिच्याशी दोन शब्द बोल."

मी अर्ध्या दाराशी जाऊन उभी राहिले. आई वाकून खुरातली माती काढत होती. घोडीचे कान आईच्या आवाजामागे फिरत होते.

"काय बोलू?"

"काहीही. काल काय जेवलीस ते सांग."

"बरी आहे का ही?"

"मला काय विचारतेस? तिला विचार."

मी हसले आणि तिथेच उभी राहिले. आई मान न वळवता घोडीला म्हणाली, "लाजते. एवढी पुस्तकं वाचली, पण दोन वाक्यं जमत नाहीत. बापावर गेली."

"मी बोलतो," बाबा बाहेरून म्हणाले. "मला कुणी बोलू देत नाही."

संध्याकाळी तिने जोडीला पाणी दाखवले, बाईसाहेबांच्या तोंडाला दाण्याचा तोबरा बांधला, तबेला झाडला. पायरीवर बसून बूट काढताना तिने कमरेवर हात ठेवला, तो नेहमीच ठेवायची. पाहुणीने तिचा एक बूट पळवला म्हणून तिने बाबांना बोल लावले. "तुमचं कुत्रं," ती म्हणाली. "चोर आहे, पण निवड चांगली आहे," बाबा म्हणाले. जेवून आम्ही झोपलो.

सकाळी बाबांनी चहा ठेवला आणि तिला हाक मारली. मग पुन्हा हाक मारली. मग ते माझ्या खोलीच्या दाराशी आले आणि म्हणाले, "तू जरा बघतेस का?"

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडले, झोपेतच, तिला काही कळलेही नसेल.

त्यानंतरचे दिवस माणसांचे होते. माणसे आली, बसली, गेली. मला जे विचारले गेले त्याची मी उत्तरे दिली. धाकटा आला तो सगळे हातात घेऊनच आला. तो तसाच आहे, आणि त्या दिवसांत तसा कुणी तरी हवाच होता. लोकांची जनावरे त्यांच्याकडे परत गेली. जोडी शेजारच्या दूधवाल्याने नेली. तो आईकडेच गाडी हाकायला शिकला होता. नेताना त्याने मला विचारले, "यांना रात्री काही लागतं का?" आणि डोळे पुसले.

बाईसाहेब उरल्या.

ती दिवसभर दाराकडे तोंड करून उभी असे. अंगणात पाऊल वाजले की दोन्ही कान ताठ होत, आणि पाऊल जवळ आले की एकेक करून खाली येत. धाकटा अर्ध्या दारावरून बादली आत ढकलायचा आणि मागे सरायचा. ती थोडे खायची. अंगाला मात्र कुणाला हात लावू देत नव्हती.

नालबंदमामांची फेरी आली तेव्हा खूर तासायची वेळ कधीच टळून गेली होती. मामा म्हणजे आईने मानलेला भाऊ. एवढा आडवा माणूस, पण आवाज लहान मुलाला झोपवल्यासारखा. ते दारात उभे राहून बराच वेळ नुसते बघत होते.

"मागचा डावा चिरलाय," ते म्हणाले. "चीर वर केसांपर्यंत पोचली की संपलं. घोडं जगतं ते उभं राहून. तू डोक्याशी उभी राहा पोरी. आणि बोलत राहा."

मी तिच्या तोंडाला बांधलेली म्होरकी धरली. "हो," मी म्हणाले. "हो. हो, बाईसाहेब. हो." मामा मागे गेले, पाठीवरून हात फिरवत खाली वाकले. मला पुढचे काही सुचेना. घोडीची कातडी थरथरली, ती एकदम बाजूला फिरली आणि मामा भिंतीवर आदळले. लाथ त्यांच्या कानाजवळून गेली आणि फळीचा तुकडा उडाला.

बाहेर येऊन त्यांनी दंड चोळला. त्यांना माझा राग आला नव्हता, हे जास्त लागले.

"हिच्या पायाखाली मी बसतो तो तुझ्या आईच्या आवाजावर," ते म्हणाले. "तो थांबला की मला माझी मुलंबाळं आठवतात."

"गुंगीचं औषध देऊन नाही होणार?" धाकट्याने विचारले.

"एकदा दिलं होतं. शुद्धीवर येताना भिंतीवर डोकं आपटून घेतलं हिनं. दिसत नाही ना, आपण कुठे आहोत तेच कळेना. तुझ्या आईनं पुन्हा द्यायचं नाही म्हणून सांगितलं." ते आपली खूर घासायची कानस कापडात गुंडाळत होते. "पुढच्या फेरीला येतो. तोवर कुणाच्या तरी आवाजाला सरावली तर बघू. नाहीतर डॉक्टरांना बोलवा. लंगडत ठेवू नका, एवढं करा."

त्या रात्री जेवताना धाकटा म्हणाला, "ताई, प्रॅक्टिकल हो. बाबांच्यानं होणार नाही. तू काय इथे कायमची राहणार आहेस?"

मी वाटीत आमटी वाढून घेतली. बाबांनी आपल्या ताटातला पावाचा तुकडा टेबलाखाली सोडला. आई असताना ते हे चोरून करायचे. आता उघड करता येत होते, तरी त्यांनी चोरूनच केले.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयाला फोन करून रजा वाढवून घेतली, आईचे बूट घातले आणि तबेल्यात गेले. बूट अर्धे बोट मोठे होते. आत जुनी मोज्यांची जोडी कोंबली.

आधी मी वर्तमानपत्र नेले. पान उलटताना झालेल्या आवाजाने बाईसाहेब भिंतीला जाऊन चिकटल्या. मग एक पुस्तक नेले. ते तिला चालले, पण एका हातात पुस्तक आणि एका हातात अंग घासायचा खरारा, आणि वाचताना डोळे पानावर, असे घोड्याजवळ उभे राहणे हा शुद्ध मूर्खपणा होता. तिने माझ्या पायावर पाय दिला तेव्हा मला ते पटले. आईच्या बुटाने माझी बोटे वाचवली. मग मी पाढे म्हणायला लागले.

"तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस..."

बाहेर बाकावर बाबा येऊन बसले होते. वकील त्यांच्या पायाशी धापा टाकत होता.

"तेरा सत्ते ब्याण्णव..."

"एक्क्याण्णव," भिंत म्हणाली.

पाढ्यांवर आमचे काही दिवस चालले. मी तिला मानेपासून पाठीपर्यंत खरारा करू लागले. ती खाऊ लागली. पुढचे पायही एकदा उचलून दिले, आणि त्या दिवशी मी घरात येऊन दोनदा जेवले. पण मागे सरकले की काहीतरी बिनसायचे. मी तिच्या मागच्या मांडीवर हात ठेवला रे ठेवला की ती आकसायची, आणि मी उडी मारून बाहेर. अंगावर निळे-काळे डाग पडले. हट्ट मात्र मी सोडला नाही. हा हट्ट माझ्यात कुठून आला ते मला ठाऊक आहे. इतके दिवस तो वापरायची वेळ आली नव्हती, एवढेच.

एका दुपारी असेच बाहेर फेकल्यासारखी आले आणि बाबांशेजारी बाकावर बसले. पाहुणीने येऊन माझ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली.

"मागच्या पायाशी गेलीस की तुझा आवाज बंद पडतो," बाबा म्हणाले.

"नाही. मी पाढा म्हणतच असते."

"अगं, मी हेच तर ऐकत आलोय इतकी वर्षं. तेरा पंचे म्हणतेस, आणि पासष्ट म्हणायच्या आधी श्वास रोखतेस. तेवढ्यात तिला तू दिसेनाशी होतेस." त्यांनी पाहुणीची मान खाजवली. "तुझी आई तिथे सगळ्यात जास्त बोलायची. माझ्यावरचे आरोप सगळे मागच्या पायाशी."

"मग काय म्हणू मी?"

"ते मला कसं ठाऊक? पण तू तिला म्हणून दाखवतेस. बोलत नाहीस."

मी बुटातला मोजा नीट कोंबला. बाबा पुढे म्हणाले, "मलाही नाही येत. मी कुत्र्यांचा माणूस. कुत्री न बोलता भागवून घेतात."

त्या दिवसापासून पाढे सोडले. मी तिला ग्रंथालयाबद्दल सांगू लागले. कुठले कपाट कुठे आहे, कोण पुस्तक परत आणून देताना पानांत बसचे तिकीट विसरतो, कुठल्या कोपऱ्यातला पंखा कुरकुरतो. पहिले काही दिवस मला माझाच आवाज परका वाटे. मागचा पाय तिने एकदा जमिनीवरून जरासा उचलला आणि लगेच टेकवला. चीर वाढली होती. मी रोज लांबूनच बोट धरून ती मोजत होते.

मामा आले त्या सकाळी धाकटाही आला होता. त्याने मला बाजूला घेतले.

"डॉक्टर दुपारी मोकळे आहेत," तो म्हणाला. "मी फक्त विचारून ठेवलंय. मामांनी जमणार नाही म्हटलं तर मी त्यांना हो कळवतो. चालेल ना?"

"चालेल," मी म्हणाले. त्यात त्याचे काही चुकत नव्हते.

बाबा बाकावर बसले आणि त्यांनी दोन्ही कुत्र्यांचे पट्टे मनगटाला गुंडाळून घेतले. धाकटा त्यांच्याशेजारी उभा राहिला. मी आत जाऊन म्होरकी धरली आणि सुरुवात केली.

"आज मामा आलेत. त्यांनी नवा शर्ट घातलाय, तुझ्यासाठी, असं ते म्हणतात. आमच्याकडे ग्रंथालयात एक आजोबा येतात, रोज तेच पुस्तक मागतात..."

पुढचे दोन पाय झाले. कानशीचा आवाज एकसारखा येत होता आणि तासलेल्या खुराचा उग्र वास पसरला होता. बाईसाहेबांचे नाक माझ्या खांद्याशी होते. मामांनी घाम पुसला आणि तिच्या पोटाला पाठ लावत मागे सरकले.

"आता मागचा डावा," ते हळूच म्हणाले.

"...तेच पुस्तक मागतात, आणि ते वाचत नाहीत, नुसतं हातात धरून बसतात, आणि..."

आजोबा संपले. कपाटे संपली. पंखा कालच सांगून झाला होता. मला समोर फक्त घोडीचे दुधाळ डोळे दिसत होते. तिचे कान माझ्यावरून उठून मागे वळले. माझ्या तळव्याखाली तिच्या मानेचा स्नायू दगडासारखा होऊ लागला.

"पोरी," मामा खालून म्हणाले. त्यांच्या हातात पाय आलेला होता. "आवाज."

"मला तुझा राग येतो," मी म्हणाले.

एक कान माझ्याकडे आला.

"तू आलीस तेव्हापासून येतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आंधळ्या घोडीचा कुणी राग करतं का? मी करते. मला नोकरी लागली तेव्हा आई मला म्हणाली, बरं झालं. एवढंच. आणि इथे येऊन तुझ्या मानेत तोंड खुपसून रडली. घर कसं रिकामं होणार ते तुला सांगितलं. मी बाहेर होते, बॅग भरून. तुला सगळं सांगितलं तिनं. मला म्हणायची, पोचलीस की कळव."

दुसरा कान आला. मानेखालचा दगड कुठेतरी सैल झाला. कानस सुरू झाली होती. भिंतीपलीकडे कुणी हलत नव्हते.

"मी पोचले की कळवायचे. पोचले, असं. मग फोन ठेवायचे. मला वाटायचं, एकदा वाटेतून परत यावं, या दारातून आत यावं आणि म्हणावं, मला पण सांग ना. मी पण ऐकेन. मला डोळे आहेत म्हणून काय झालं? पण मी आले नाही. दर वेळी गाडीत खिडकीची जागा मिळाली की मला बरं वाटायचं."

मामांनी पाय अलगद खाली ठेवला. चीर त्यांनी मुळापासून तासून काढली होती. ते माझ्याकडे न बघता दुसऱ्या बाजूला गेले.

"आता उजवा," ते म्हणाले. "थांबू नकोस."

बाहेर धाकट्याचा फोन वाजला. दोनदा वाजल्यावर त्याने तो बंद केला.

"थांबत नाही," मी घोडीला म्हणाले. "आता मीच येणार आहे. सकाळी पण आणि संध्याकाळी पण. तिकडची नोकरी सोडते, इकडे काहीतरी बघते. धाकट्यानं विचारलं तेव्हा मी उत्तर दिलं नव्हतं, आता ऐकतोय तो. तुला मला चालवून घ्यावं लागेल. माझा आवाज तिच्यासारखा नाही, मला माहीत आहे. तू दाराकडे तोंड करून उभी राहतेस, ते मी बघते रोज. तुला कुणी सांगितलंच नाही ना? सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं, तुला कुणी सांगितलं नाही. आई गेली. ती नाही येणार आता. मी सुद्धा हे पहिल्यांदाच बोलतेय. इतकी माणसं आली, सगळ्यांना मी म्हटलं, बसा, पाणी घ्या."

तिने नाक माझ्या छातीवर टेकवले आणि एक लांब, गरम श्वास सोडला. खाली कानस चालू होती. मी म्होरकी सोडली आणि दोन्ही हात तिच्या मानेभोवती टाकले.

"मला आई हवी आहे," मी म्हणाले. "ऐकतेस ना? एवढी मोठी झाले, बाईसाहेब, तरी मला माझी आई हवी आहे."